नाव नसलेलं दुखणं

परम्याला नाव आहे. गरमीला नाव आहे. आमच्या खान्देशात बाजाराच्या कुठल्याही गावी भिंतींवर या गुप्तरोगांची नावं मोठ्या अक्षरांत रंगवलेली असायची आणि खाली एखाद्या तंबूतल्या वैद्याचा पत्ता. माणसं ती नावं हळू आवाजात का होईना घ्यायची, त्यांना भ्यायची. ज्या दुखण्यासोबत माझी नोकरीतली निम्मी वर्षं गेली, त्याला मात्र आमच्याकडे नावच नाही. डॉक्टर त्याला क्लॅमिडिया म्हणतात. हा शब्द जळगावच्या बाईला सांगा, धुळ्याच्या बाईला सांगा, ती मान डोलावते आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरते. एकीने घरी जाऊन सांगितलं की दवाखान्यात कॅल्शियमचं काहीतरी निघालंय. नवऱ्याने आपल्या वाट्याच्या गोळ्या निमूटपणे घेतल्या, कारण कॅल्शियमला कोण नाही म्हणतं? पुढच्या खेपेला दोघांना समोर बसवून मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा तो गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत राहिला.

मी समुपदेशक होते. आधी जळगाव जिल्ह्यात आणि मग धुळ्याला, सरकारी दवाखान्यात, लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांच्या विभागात. लग्नाकार्यात कोणी विचारलं, "ताई, तुम्ही काय करता?" तर मी म्हणायचे, "सिव्हिलला असते." पुढे विचारलंच तर, "सल्ला देते." एवढ्यावर बहुतेकांचं समाधान व्हायचं. एका मावशींनी मात्र लगेच आपल्या गुडघ्यांबद्दल सल्ला मागितला होता.

सुरुवातीला आमच्या खोलीवर 'गुप्तरोग' अशी पाटी होती. त्या पाटीखालून आत शिरायला जिगर लागायची. माणसं व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची, कोणी ओळखीचं दिसलं की पाण्याच्या नळाकडे वळायची. मग वरून हुकूम आला आणि पाटीवर 'सुरक्षा' शब्द असलेलं एक छान, गोड नाव आलं. त्याचा फायदा झाला, पण एक आबा आत येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला. पीक विम्याचं ऑफिस समजून ते आले होते. मी सांगितलं, "आबा, हे ऑफिस वेगळं आहे." ते म्हणाले, "मग इथं कसाना विमा काढतस?" मी समजावलं तसे ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, मन्हा एक मित्र शे, त्याले थोडा त्रास शे.

हा मित्र मला सगळ्या नोकरीत भेटत राहिला. या दोन जिल्ह्यांत सगळ्यात जास्त आजारी कोण असेल, तर तो मित्र. मी कधी कोणाला उघडं पाडलं नाही. मित्राची सगळी लक्षणं नीट विचारायची, मित्राला कुठे दुखतं ते विचारायचं, आणि मग म्हणायचं, मित्राला डॉक्टरांनी बघितल्याशिवाय गोळ्या देता येत नाहीत, तर मित्राने आता उठून पडद्यामागे जावं. बहुतेक जण जायचे.

पण हे सगळे पुरुष होते. पुरुषाला त्रास झाला की तो पळत येतो, मित्राच्या नावाने का होईना. या बिननावाच्या दुखण्याची गोम अशी की बाईला बहुतेक वेळा काही त्रासच होत नाही. कधी अंगावरून पांढरं जातं, कधी ओटीपोटात दुखतं, कधी संबंधानंतर थोडं रक्त दिसतं. आमच्याकडच्या बाईला अंगावरून जाणं आणि पोटात दुखणं हे बाईच्या जन्माचाच भाग वाटतं. तिच्या आईलाही तसंच वाटायचं. तिकडे जंतू हळूहळू गर्भाशयाच्या तोंडापासून वर सरकतो आणि गर्भनलिकांपर्यंत पोचतो. बाया त्यांना नुसतं 'नळ्या' म्हणतात. या नळ्या फार नाजूक असतात. आतून इतक्या बारीक की बीज त्यातून जेमतेम सरकावं. तिथे सूज येते, सूज उतरली की व्रण राहतो, आणि व्रणाने नळी चिकटून बंद होते. प्रत्येकीचं असं होत नाही, वेळेवर गोळ्या मिळाल्या तर बहुधा होतच नाही. गोळ्या साध्या आहेत. अट एकच, नवरा आणि बायको दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या आणि त्या पुऱ्या होऊन आठवडा उलटेपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं. एकट्या बाईने घेतल्या तर ती बरी होते, घरी जाते आणि तिला तेच दुखणं पुन्हा मिळतं.

सरळ वाटतं ना ऐकायला? माझी सगळी नोकरी त्या 'दोघांनी' या एका शब्दावर खर्ची पडली.

सरलाची गोष्ट सांगते. यातलं कोणाचंच नाव खरं नाही, आणि तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिहा, फक्त गाव लिहू नका.

सरला साक्रीकडची. चाळीसगावजवळच्या एका गावात दिली होती. नवरा भूषण, चाळीसगावला मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी दुरुस्त करण्यात त्याचा हात चांगला होता, उन्हाळ्यात दुकानासमोर मोटरींची रांग लागायची. लग्नाआधी काही वर्षं तो सुरतेला होता, आमच्याकडची निम्मी पोरं असतात तसा. घरात सासू, तिला सगळे अक्का म्हणत. सासरे वारलेले.

लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. या सहा वर्षांत सरलाने काय काय केलं ते तिने मला कधी एकदम सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. उपास, नवस, एका भगताकडच्या फेऱ्या, दोन-तीन दवाखाने. बीज मोठं होण्याच्या गोळ्या तिने वर्षभर खाल्ल्या. भूषणची वीर्याची तपासणी एकदा झाली होती, ती चांगली आली. त्या दिवसापासून घरातला प्रश्न सुटला होता, कारण दोष कोणात नाही हे ठरलं होतं, मग तो कोणात आहे हे वेगळं ठरवायची गरज उरली नव्हती.

शेवटी तिच्या भावाने तिला धुळ्याला आणलं, आमच्या स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टर मॅडमकडे. मॅडमनी नळ्यांचा एक्स-रे काढला. यात गर्भाशयात एक औषध सोडतात आणि ते नळ्यांतून पुढे पोटात सांडतं का ते बघतात. सरलाच्या दोन्ही बाजूंना ते सुरुवातीलाच अडलं. मॅडमनी आधी क्षयाची शंका घेतली, आपल्याकडे नळ्या बंद होण्याचं तेही एक मोठं कारण असतं. ती तपासणी चांगली आली. मग गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना बाहेर मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि त्यात क्लॅमिडिया निघाला. तेव्हा मॅडमनी तिला माझ्याकडे पाठवलं.

ती आली तेव्हा अक्का सोबत होत्या. मी अक्कांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. ते त्यांना आवडलं नाही. "सून मन्ही शे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, पण आत एकीनेच यायचं असा नियम आहे.

सरला खुर्चीच्या काठावर बसली. साधारण अठ्ठावीस वर्षांची, सावळी, अंगाने बारीक. मी तिला सगळं सांगितलं. असं सांगताना मी कागदावर चित्र काढते, गर्भाशय आणि दोन बाजूंना दोन नळ्या, वेलीला हात फुटावेत तशा. ती चित्राकडे बघत राहिली. हा जंतू संबंधांतून येतो, हे सांगताना मी दरवेळी थांबते, कारण त्यापुढचं वाक्य बाई स्वतःच मनात पुरं करते आणि तिला तेवढा वेळ द्यावा लागतो.

तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की मी घरात सगळ्यांसोबत जेवायला बसू शकते का. मी म्हटलं, बसू शकतेस, स्वयंपाकही करू शकतेस, हे असं पसरत नाही. मग तिने विचारलं, गोळ्यांनी नळ्या उघडतील का. मी म्हटलं, गोळ्यांनी जंतू मरेल, नळ्या उघडणार नाहीत. नळ्या टाळून मूल करण्याचा एक उपाय आहे, लोक त्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात, त्याचं मॅडम तुला सांगतील. ती म्हणाली, सांगितलं त्यांनी, घरी कोणी ऐकून घेतलं नाही.

मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे हे मन्हामुळे नही."

तिने ते विचारलं नव्हतं. स्वतःलाच सांगून बघितलं होतं. मी त्यावर काय बोलावं? कोणाकडून कोणाला आणि कधी, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. आम्हाला शिकवलेलं असतं की दोष कोणावर ठेवायचा नाही, कारण दोष ठेवला की माणूस परत येत नाही आणि उपचार राहून जातो. हे बरोबरच आहे. पण सहा वर्षं सगळा दोष एकटीने वागवलेल्या बाईसमोर बसून हे वाक्य म्हणणं फार जड जातं. मी म्हटलं, "सरला, तुझ्यात काही उणं होतं म्हणून हे झालं नाही. तुला जंतू मिळाला आणि तो कोणी शोधला नाही." तिने मान हलवली.

तिने गोळ्या माझ्यासमोर घेतल्या. मी तिला नवऱ्यासाठी चिठ्ठी दिली आणि सांगितलं, त्यालाही घेऊन ये.

भूषण महिनाभर आला नाही. आला तो सरलाने नव्हे, तर तिच्या भावाने फोनवर बरंच ऐकवलं म्हणून. गोरा, टापटीप, हाताच्या बोटांना वार्निशचे डाग. प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये वीर्यतपासणीचा कागद घेऊन आला होता आणि बसण्याआधीच त्याने तो माझ्यापुढे ठेवला. "मना रिपोर्ट नॉर्मल शे, मॅडम. मी कसाले गोळ्या खाऊ?"

मी त्याला समजावलं की तो कागद मूल होण्याजोगं बीज आहे एवढंच सांगतो, जंतू आहे की नाही हे त्यात दिसत नाही. पुरुषालाही बरेचदा काही त्रास होत नाही. मी मोटरीचं उदाहरण दिलं, वरून चांगली दिसते, चालतेही, पण आत वायंडिंग कुठे जळलंय ते खोलल्याशिवाय कळतं का? तो हसला. म्हणाला, मोटर मी रोज खोलतो, मला शिकवू नका. आणि कागद फाईलमध्ये घालून गेला. उदाहरणं नेहमी लागू पडत नाहीत.

त्यानंतर सरला एकटीच आली, पुन्हा तपासणीसाठी. गोळ्या घेतल्यापासून ती अक्कांच्या खोलीत झोपत होती, म्हणून तिचा दुसरा नमुना चांगला आला. मी तिला ते सांगितलं तर तिला आनंद झाला नाही. तिने सांगितलं, घरात फारकतीचं ठरलंय. तिच्या माहेरचेही थकले होते, कोर्टातून दोघांच्या संमतीने मोकळं व्हायचं असं दोन्हीकडच्यांनी बोलून घेतलं होतं. भूषणसाठी मुलगी पाहिलेलीही होती, धुळ्याजवळच्या एका गावची, नुकतीच बारावी झालेली.

मला त्या क्षणी सरलापेक्षा त्या मुलीचंच आधी मनात आलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं. सरलाच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "ताई, मीबी तेच विचार करी ऱ्हायनू."

आमच्या कामात काही दारं आम्हाला बंद असतात. रुग्णाची गोष्ट रुग्णाची असते. भूषणने जंतूची तपासणी करून घेतलेली नव्हती, घेतली असती तरी त्याच्याबद्दल तिसऱ्या कोणाला सांगायचा मला हक्क नव्हता. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, आणि ते बरोबर होते. हा नियम नसता तर या खोलीत कोणीच आलं नसतं, मित्रसुद्धा नाही. पण त्या मुलीच्या गावची आशाताई माझ्या चांगल्या ओळखीची होती. आरोग्य खात्याच्या दर महिन्याच्या बैठकीला ती माझ्या शेजारी बसायची. त्या महिन्याच्या बैठकीत तिने मला डब्यातली मेथीची भाजी वाढली आणि विचारलं, ताई, आज गप्प का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. मी गप्पच राहिले. आजही वाटतं की तेच करायला हवं होतं, आणि आजही मी मेथीची भाजी पानात वाढून घेत नाही.

जे मला करता येत नव्हतं ते सरलाने केलं. मी तिथे नव्हते, तिने आणि नंतर तिच्या भावाने सांगितलं ते लिहिते.

वकिलाकडे जाण्याआधी दोन्हीकडची माणसं चाळीसगावला सरलाच्या एका नात्यातल्या काकांच्या घरी बसली. भूषणचे मामा, सरलाचा भाऊ, गावातले दोन वडीलधारे. देण्याघेण्याचं बोलून झालं. सरला आतल्या खोलीत अक्कांजवळ बसली होती. काकांनी हाक मारून विचारलं, पोरी, तुला काही सांगायचं आहे का. असं विचारण्याची पद्धत असते, आणि अशा वेळी मुलीने नाही म्हणण्याचीही पद्धत असते.

सरला दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मी सही करेन, माझी एकच अट आहे. भूषणने धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन त्या ताईंसमोर गोळ्या घ्याव्यात. त्या घेतल्या की मी सही करते.

मामांनी विचारलं, कसल्या गोळ्या. सरला म्हणाली, ते त्यालेच विचारा. सगळे भूषणकडे बघायला लागले. त्याने बोटांवरचे वार्निशचे डाग खरवडायला घेतले. मामा चिडले, म्हणाले, आता जाता जाता हे काय नवीन काढलंस, तुझं या घरात आता काय राहिलंय. तेव्हा सरलाने ते वाक्य म्हटलं, जे तिच्या भावाने मला सांगितलं आणि सांगताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला:

"माले जे व्हयनं ते व्हयनं. त्या पोरले नको."

बैठक तशीच उठली. अक्का आत बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

चार-सहा दिवसांनी सकाळी मी खोली उघडत होते तर बाकावर अक्का आणि भूषण बसलेले. अक्का आधी एकट्या आत आल्या. या वेळी नियमाचं मी काही बोलले नाही. त्या खुर्चीवर नीट मागे टेकून बसल्या. मोठ्या कुंकवाची जागा मोकळी असलेलं कपाळ, हातात कापडी पिशवी.

"दोष कोना शे, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अक्का, ते मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. मी इथे बसते ती पुढचं वाचवायला.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग त्यांनी मला सांगितलं की सरलाला चतुर्थीचे, सोमवारचे, सगळे उपास त्यांनीच लावले होते. पोरगी उपाशी पोटी शेतात निंदायला जायची. एकदा बांधावर चक्कर येऊन पडली, तेव्हा त्यांनीच तिला म्हटलं होतं की देवाचं मनापासून करत नसशील. हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. सांगून झाल्यावर त्या उठल्या, दार उघडलं आणि भूषणला म्हणाल्या, "जाय आत. ताई सांगतीन ते कर." आणि स्वतः बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी भूषणला तपासलं आणि गोळ्या दिल्या. त्या माझ्यासमोर घ्यायच्या होत्या. मी ग्लासात पाणी भरून ठेवलं. त्याने गोळ्या तळहातावर घेतल्या आणि तसाच बसला. मग म्हणाला, सुरतेला आम्ही एका खोलीत सात-आठ पोरं होतो. सुट्टीच्या दिवशी सगळे जायचे. मी थोड्याच वेळा गेलो, सगळ्यांत कमी मीच गेलो असेन. मी म्हटलं, भूषण, मी ते विचारलेलं नाही. तो म्हणाला, नाही, तुम्ही विचारलं नाही, मीच सांगतोय.

मग त्याने विचारलं, सरलाच्या नळ्या माझ्यामुळे बंद झाल्या का.

या प्रश्नावर माझ्याकडे एक पाठ केलेलं उत्तर होतं, तेच जे मी सरलाला देताना अडखळले होते. नक्की सांगता येत नाही, कोणालाच सांगता येणार नाही. मी ते दिलं. तो म्हणाला, "तरी, तुम्हाला काय वाटतं?" त्याने शुद्ध मराठीत विचारलं, परीक्षेत विचारावं तसं. मी म्हटलं, "बहुतेक."

त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवताना तो लवंडला आणि उरलेलं पाणी टेबलभर पसरलं. तो आपल्या रुमालाने पुसायला लागला. पुसून झालं तरी पुसतच राहिला. मी त्याला थांबवलं नाही.

जाताना त्याने विचारलं, पुढे जिच्याशी लग्न होणार तिला तुम्ही सांगणार का. मी म्हटलं, नाही, ते तुम्ही सांगायचं. आणि पुन्हा तपासणीला या, चांगली आल्याशिवाय लग्न करू नका. तो आला पुन्हा. एवढं मला खात्रीने सांगता येतं.

मला वाटलं होतं, आता कदाचित हे दोघं एकत्र राहतील. माझ्यासारख्या माणसाला अशा वेडगळ आशा वाटतात, नोकरीत टिकायला त्या लागतात. सरला सही करायच्या आदल्या दिवशी फोनवर बोलत होती, तेव्हा मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "मी सांगं तवय खाद्यात नहीत. मायनी सांगं तवय खाद्यात." मी सांगितलं तेव्हा त्याने गोळ्या घेतल्या नाहीत, आईने सांगितलं तेव्हा घेतल्या. तिने सही केली आणि ती साक्रीकडे माहेरी गेली.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त खंत कशाची आहे? त्या सहा वर्षांत ती इतक्या ठिकाणी गेली, इतक्यांनी तिला तपासलं, आणि कोणीच तिला साधं विचारलं नाही की अंगावरून काय जातं, पोट दुखतं का, आणि नवरा लग्नाआधी कुठे होता. कोणा एकाचा हा दोष नाही. पाळणा हलत नाही म्हणून बाई आमच्यापर्यंत पोचते, म्हणजे ती शेवटच्या टोकाकडून येते. ज्या वर्षी तिच्या पोटात पहिल्यांदा दुखलं त्या वर्षी ती आली असती, तर दोघांच्या गोळ्या आणि आठवडाभराची सबुरी एवढ्यावर भागलं असतं. पण पोटात दुखलं म्हणून नव्या सुनेने बसने दवाखान्यात जायचं, हे आमच्याकडे अजून कारण मानलं जात नाही.

पुढची दोन-एक वर्षं अशीच गेली. एकदा मी बाळंतिणींच्या वॉर्डाकडून येत होते तर जिन्याशी अक्का दिसल्या. हातात स्टीलचा डबा. नवी सून बाळंत झाली होती, पहिली खेप माहेरी म्हणून धुळ्यात. मुलगी झाली होती. अक्कांनी मला वॉर्डात नेलं नाही आणि मीही नेऊ नका असंच मनात म्हणत होते. त्या सुनेला मी कोण हे माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्यातच तिचं भलं होतं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. अक्का म्हणाल्या, "सरलाले सांगजात, ताई." मग थोडं थांबून, "नही तं नका सांगू. तुम्हाले बरं वाटीन तसं करा." आणि डबा घेऊन जिना चढून गेल्या.

मी फोन केला नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

काही महिन्यांनी सरलाच आली. माहेरी तिने शिलाई मशीन टाकली होती आणि ब्लाऊज शिवता शिवता बायांशी जे बोलायचं ते बोलत होती. माप घेताना बाया फार काही सांगतात, असं ती म्हणायची. त्या दिवशी तिच्यासोबत गल्लीतली एक नवी सून होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ओटीपोटात दुखायचं, घरचे पाणी बदललं म्हणून दुखतंय म्हणत होते. सरलाने तिला बसमध्ये बसवून आणलं होतं.

त्या दिवशी मॅडम आमच्याच खोलीत तपासत होत्या. ती पोरगी पडद्यामागे गेली तेव्हा मी सरलाला अक्कांच्या नव्या सुनेचं सांगितलं. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सरला खिडकीतून बाहेर बघत होती. दवाखान्याच्या अंगणात कोणीतरी ओली लुगडी वाळत घातली होती. मला वाटलं, सांगायला नको होतं. मग तिने विचारलं, "कोनावर गई?" पोर कोणावर गेली, चेहऱ्याने. मी म्हटलं, मी पाहिली नाही. ती म्हणाली, बापावर गेली असेल तर गोरी असेल.

मॅडमनी पडद्याआडून सांगितलं की संसर्ग दिसतोय, लवकर आलात, उपचार सुरू करू. सरलाने पदराने तोंड पुसलं आणि उठून दार उघडलं. बाहेर बाकावर त्या पोरीचा नवरा मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

"भाऊ," सरला त्याला म्हणाली, "तुमीनबी आत या."